एका लशीची माघार: रोटाशील्ड प्रकरण

१६ जुलै १९९९ रोजी अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, देशभरातल्या डॉक्टरांना कळवले की रोटाव्हायरस या लहान मुलांना तीव्र जुलाब करणाऱ्या विषाणूवरची तोंडावाटे द्यायची नवी लस निदान नोव्हेंबरपर्यंत कोणत्याही बाळाला देऊ नका. लशीचे नाव रोटाशील्ड. तिला परवाना मिळाला होता ३१ ऑगस्ट १९९८ ला, म्हणजे अजून वर्षही भरले नव्हते. लशींच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या राष्ट्रीय यंत्रणेकडे तोवर पंधरा बाळांची माहिती आली होती आणि पंधराही जणांना एकच दुखणे होते: इंटससेप्शन, म्हणजे आतड्यात आतडे शिरणे. ऑक्टोबरात ती बनवणाऱ्या वायथ-लेडर्ली कंपनीने लस बाजारातून काढून घेतली. लगोलग लसीकरण सल्लागार समितीनेही आपली शिफारस रद्द केली.

अमेरिकेपुरता हा निर्णय बरोबर होता, असे मला वाटते. प्रकरण म्हणून अभ्यासण्यासारखे आहे ते त्यानंतरचे. ही लस भारतात, नायजेरियात किंवा बांगलादेशात वापरू नका, असे कोणीही म्हटले नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेने बंदी घातली नाही, कोणत्या सरकारने हुकूम काढला नाही. तरीही ज्या देशांत रोटाव्हायरसने मुले खरोखर मरत होती, तिथल्या एकाही राष्ट्रीय कार्यक्रमात ती कधी आली नाही. न घेतलेला निर्णय सगळ्या जगाला कसा लागू झाला, हा इथला प्रश्न.

आधी आजाराबद्दल. रोटाव्हायरस माणसात सापडला १९७३ मध्ये. मेलबर्नच्या रॉयल चिल्ड्रन्स हॉस्पिटलात रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुलाब झालेल्या मुलांच्या लहान आतड्याचे बारीक तुकडे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिले, तेव्हा पेशींमध्ये विषाणूचे कण दिसले. तोवर लहान मुलांच्या बहुतेक जुलाबांचे कारणच हाती लागत नसे. आपल्याकडे तर 'दात येताहेत' म्हटले की विषय संपायचा.

सुरुवात बहुधा उलटीने होते. मग ताप, आणि मग पाण्यासारखे जुलाब, दिवसातून दहा-पंधरा वेळाही. सहा महिने ते दोन वर्षे या वयाला धोका सर्वाधिक. या आजारात घात करतो तो वेग. सकाळी रांगणारे बाळ रात्रीपर्यंत मलूल होऊन पडते. टाळू आत गेलेली, डोळे खोल, रडताना अश्रू नाहीत. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती चटकन बसत नाही, सावकाश खाली जाते. जलसंजीवनी हाच मुख्य उपाय, पण ती पाजणे वाटते तितके सोपे नाही. आई वाटीभर पाजते, बाळ सगळे ओकून टाकते, आणि घरातले म्हणतात 'पोटात काही ठरतच नाही, आता देऊ नकोस'. खरे तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने द्यायचे असते, तासन् तास. एवढे करूनही उलट्या थांबल्या नाहीत तर सलाईन लागते, आणि दवाखाना लांब असला तर तिथेच गाडे अडते.

स्वच्छ पाणी आणि संडास आले की हाही आजार जाईल, हा समज मात्र इथे चालत नाही. कॉलरा, हगवण यांना तो लागू आहे. रोटाव्हायरसचे अगदी थोडे कण पुरतात. हात, खेळणी, पाळण्याचा कठडा यांवरूनही तो पोचतो. लस येण्यापूर्वी श्रीमंत देशांतल्या मुलांनाही पाच वर्षांच्या आत तो एकदा तरी गाठायचाच. अमेरिकेत दरवर्षी ५५ ते ७० हजार मुले त्यापायी रुग्णालयात दाखल होत. मृत्यू मात्र वर्षाला २० ते ६०. जगभराचा त्या काळचा अंदाज वर्षाला सुमारे ४ लाख ४० हजार मृत्यूंचा होता, आणि ते जवळपास सगळे गरीब देशांतले. भारताचा वाटा सुमारे एक लाखाचा धरला जाई. लागण सगळीकडे सारखी. मरण मात्र पत्ता पाहून येत होते.

लशीचे काम अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत अल्बर्ट कापिकियन यांनी अनेक वर्षे केले. त्यांनी ऱ्हीसस माकडाचा रोटाव्हायरस घेतला, जो माणसाच्या बाळात वाढतो पण सहसा आजारी पाडत नाही. मग मानवी विषाणूंच्या तीन प्रकारांची बाह्य आवरणाची जनुके त्यात मिसळून चार प्रकारांविरुद्धची लस केली. तीन मात्रा: दोन, चार आणि सहा महिन्यांना. व्हेनेझुएलातल्या चाचणीत तीव्र रोटाव्हायरस जुलाबांपासून ८८ टक्के संरक्षण मिळाले. विकसनशील देशातला हा आकडा असल्याने आशा वाढली. त्याआधी पेरू आणि ब्राझीलमध्ये कमी मात्रेची लस फारशी चालली नव्हती, आणि आशिया-आफ्रिकेतल्या गरीब वस्त्यांमध्ये ती किती चालेल याचा पुरावा अजून तयार व्हायचा होता. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

परवान्यापूर्वीच्या सगळ्या चाचण्या मिळून लस घेतलेल्या १०,०५४ बाळांपैकी ५ जणांना इंटससेप्शन झाले होते; न घेतलेल्या ४,६३३ पैकी एकाला. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक योगायोगाच्या कक्षेत बसत होता. तरी तज्ज्ञांनी तो झाकला नाही. औषधाच्या माहितीपत्रकात त्याची नोंद केली आणि लस सुरू झाल्यावर यावर नजर ठेवा, असे सांगितले. 'दडपून टाकलेला दुष्परिणाम' अशी जी कथा नंतर काही ठिकाणी सांगितली गेली, तिला इथे आधार नाही. नजर ठेवली म्हणूनच तर पंधरा नोंदींवर घंटा वाजली. सुमारे पंधरा लाख मात्रा दिल्या गेल्या असताना पंधरा बाळांचा माग काढणे हे कोणत्याही आरोग्य यंत्रणेचे चांगलेच काम म्हणायला हवे.

इंटससेप्शनमध्ये शर्टाची बाही काढताना आत ओढली जावी तसा आतड्याचा एक भाग पुढच्या भागात सरकतो. रक्तपुरवठा आवळला जातो. बाळ एकाएकी पाय पोटाशी घेऊन कळवळून रडते, मग काही मिनिटे शांत, पुन्हा तेच. उलट्या होतात, आणि उशीर झाला की रक्त आणि शेंब मिसळलेली लाल जेलीसारखी शी. वेळेत नेले तर गुदद्वारातून हवा किंवा बेरियम सोडून आतडे बऱ्याचदा सरळ करता येते. नाही तर शस्त्रक्रिया. लस नसतानाही हे दुखणे बाळांना होते, मुख्यतः चार ते दहा महिन्यांच्या वयात. म्हणून लशीमुळे किती आणि एरवी किती, हे वेगळे काढावे लागते. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत दिसले की पहिल्या मात्रेनंतरच्या ३ ते १४ दिवसांत धोका कितीतरी पटींनी वाढत होता. लस घेणाऱ्या ४,६७० ते ९,४७४ बाळांमागे एक जादा रुग्ण, असा तो हिशेब. पुढे साधारण १०,००० मागे एक हा आकडा बहुतेकांनी मान्य केला.

हा एकच आकडा दोन देशांत ठेवून बघू. अमेरिकेत वर्षाला साधारण ४० लाख बाळे जन्मतात. सगळ्यांना लस दिली तर ४०० जादा इंटससेप्शन. जवळजवळ सगळी मुले शस्त्रक्रियागृहापासून तासाभराच्या आत. दुसऱ्या पारड्यात २० ते ६० मृत्यू आणि हजारो दाखल रुग्ण. पैशाच्या हिशेबात लस तरीही परवडली असती, पण धडधाकट बाळाला आपण होऊन लस द्यायची आणि त्यातून त्याचे पोट फाडायची वेळ यावी, हे पालकांना कसे पटवणार? समितीने नको म्हटले यात नवल नाही.

आता भारत. वर्षाला अडीच कोटी जन्म धरले तर जादा इंटससेप्शन २,५००. आपल्याकडच्या सोयी गृहीत धरून त्यातले एकही बाळ वाचले नाही, असे वाईटात वाईट मानू. आणि लस व्हेनेझुएलासारखी चालली नाही, निम्मीच चालली, असेही मानू. तरी एक लाखातले ५० हजार मृत्यू टळतात. २,५०० विरुद्ध ५०,०००. हा माझा पाटीवरचा हिशेब आहे, सगळ्या बाळांपर्यंत लस पोचते असे धरून केलेला. पण आकडे कितीही खालीवर केले तरी तराजू कुठे झुकतो ते बदलत नाही.

फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जिनिव्हात बैठक बोलावली. विषय हाच: विकसनशील देशांसाठी या लशीचे पुढे काय करायचे. वर मांडला तसा हिशेब तिथल्या कोणाला ठाऊक नव्हता असे नाही. काही नीतितज्ज्ञ उघड म्हणत होते की गरीब देशांत या लशीच्या चाचण्या चालू ठेवणे योग्यच आहे, उलट थांबवणे अनैतिक ठरेल. पण आरोग्यमंत्र्याच्या खुर्चीत बसून विचार करा. 'अमेरिकेने आपल्या मुलांसाठी नाकारलेली लस आमच्या पोरांना का?' हा प्रश्न सभागृहात पहिल्याच दिवशी आला असता, आणि त्याचे उत्तर टक्केवारीत देता येत नाही. लशीने वाचलेल्या ५० हजार मुलांची नावे कधीच कळत नाहीत. लशीने दगावलेल्या बाळाचे नाव, गाव आणि आईचा फोटो दुसऱ्या दिवशीच्या पेपरात असतो.

दुसरी अडचण साध्या व्यापाराची. कंपनीने लस बनवली होती अमेरिका-युरोपच्या बाजारावर डोळा ठेवून. तिथे महाग विकायची आणि नंतर गरीब देशांना स्वस्तात द्यायची, ही लशींच्या धंद्याची जुनी रीत. मुख्य बाजार बंद झाल्यावर कारखाना फक्त गरिबांसाठी चालवायला कोणी तयार नव्हते. शिवाय खटल्यांची टांगती तलवार. गरीब देशांसाठी लशी विकत घ्यायला निघालेली गावी ही आंतरराष्ट्रीय आघाडी त्याच वर्षी जानेवारीत जन्माला आली होती; तिच्या हातात अजून धड काही नव्हते. तेव्हा लस कोणी बंद केली याचे उत्तर 'कोणीच नाही' असे येते. ती बनवायचे थांबले, एवढेच.

इथपर्यंत वाचून 'अमेरिकेमुळे तीस लाख मुले गेली' असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. ४ लाख ४० हजार गुणिले सात वर्षे, कारण पुढची लस २००६ मध्ये कार्यक्रमांत आली. हा गुणाकार मला मान्य नाही. लस १९९९ मध्ये चालू राहिली असती तरी ती पुढच्या वर्षी बिहारच्या खेड्यात पोचली नसती. हिपॅटायटिस बी ची लस गरीब देशांत नियमित व्हायला वीसेक वर्षे लागली, हे विसरून चालणार नाही. गरीब वस्त्यांत तोंडावाटे द्यायच्या लशी कमी चालतात, हे पोलिओच्या डोसांवरून आपल्याला ठाऊक होतेच, आणि रोटाशील्डचा तिथला पुरावा अपुरा होता. आपल्याकडे इंटससेप्शनचे मूळ प्रमाण किती, याचीही नीट नोंद नव्हती. २००० सालच्या माणसाला दोष देताना त्याच्या हातात काय होते ते पाहायला हवे. पण चाचण्याच थांबल्याने तो पुरावा कधी गोळाच झाला नाही, हे नुकसान मात्र खरे, आणि ते टाळता आले असते.

सगळ्यात जिव्हारी लागणारा तपशील २००५ मध्ये पुढे आला. जुनी आकडेवारी वयानुसार पुन्हा तपासली तेव्हा दिसले की पहिल्या मात्रेनंतरच्या इंटससेप्शनपैकी ८० टक्के रुग्ण हे ९० दिवस किंवा त्याहून मोठ्या वयात लस घेतलेल्या बाळांतले होते. पहिल्या मात्रांपैकी त्या वयात दिलेल्या होत्या अवघ्या ३८ टक्के. लस नवी होती, त्यामुळे दोन महिन्यांचे वय ओलांडलेल्या मुलांनाही 'राहून गेली म्हणून' ती देत सुटले होते, आणि नेमक्या त्याच वयात हे दुखणे एरवीही वाढायला लागते. विकसनशील देशांत पहिल्या लशी दिल्या जातात सहाव्या आठवड्यात. म्हणजे ज्या देशांनी ती लस घेतलीच नाही, तिथल्या वेळापत्रकात धोका बहुधा खूप कमी राहिला असता. पण हे कळले तेव्हा लस बाजारातून जाऊन सहा वर्षे लोटली होती.

त्यानंतरच्या लशींना या प्रकरणाची किंमत आधी मोजावी लागली. १०,००० मागे एक एवढा लहान धोका आधीच पकडायचा तर चाचणीत साठ-सत्तर हजार बाळे लागतात. जीएसकेच्या रोटारिक्सची चाचणी ६३,२२५ बाळांवर झाली, मर्कच्या रोटाटेकची ६८,०३८ बाळांवर. दोन्हींचे निकाल जानेवारी २००६ मध्ये आले आणि कोणत्याही लशीत तसा धोका दिसला नाही. या वेळी एक गोष्ट मुद्दाम उलटी झाली होती: रोटारिक्सला पहिला परवाना २००४ मध्ये मेक्सिकोत मिळाला आणि अमेरिका नंतर आली. लॅटिन अमेरिकेतल्या देशांनी २००६ पासून लस आपल्या कार्यक्रमांत घेतली. मेक्सिकोत पाच वर्षांखालच्या मुलांचे जुलाबाने होणारे मृत्यू लाखामागे १८.१ वरून २००८ मध्ये ११.८ वर आले.

आफ्रिकेतला निकाल आकडे कसे वाचावेत हे शिकवणारा आहे. रोटारिक्स दक्षिण आफ्रिकेत ७६.९ टक्के चालली आणि मलावीत फक्त ४९.४ टक्के. टक्के पाहून कोणीही म्हणेल, मलावीत ही लस नापास. पण मलावीत आजारच इतका जास्त की दर शंभर बाळांमागे वर्षाला तीव्र जुलाबाचे ६.७ प्रसंग टळले. दक्षिण आफ्रिकेत ४.२. निम्म्या ताकदीच्या लशीने तिथे जास्त मुले वाचवली. यानंतर २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सगळ्या देशांसाठी शिफारस केली.

गंमत म्हणजे नव्या लशींमध्येही इंटससेप्शनचा थोडा धोका निघालाच. लाखो मुलांना लस दिल्यावर मेक्सिको आणि ब्राझीलमध्ये तो ५१ हजार ते ६८ हजार बाळांमागे एक असा मोजला गेला. दोन्ही देश मिळून वर्षाला ९६ जादा रुग्ण आणि ५ मृत्यू. समोर टळलेले सुमारे ८० हजार दाखल रुग्ण आणि १,३०० मृत्यू. या वेळी लस कोणी मागे घेतली नाही. तरी १९९९ ची भीती वेळापत्रकात उरली होती: पहिली मात्रा पंधरा आठवड्यांच्या आतच द्यायची, अशी अट होती. आफ्रिका-आशियात लशीला येणारी मुले उशिराच येतात. अट पाळायची तर आईला दारातून परत पाठवावे लागे. २०१२ मध्ये गणित मांडले गेले की अट काढली तर ४७,२०० जादा मृत्यू टळतील आणि इंटससेप्शनने २९४ जादा होतील. एका मृत्यूसमोर दीडशेहून जास्त वाचलेली मुले. २०१३ च्या आपल्या भूमिकापत्रात जागतिक आरोग्य संघटनेने अट शिथिल केली. २००० मध्ये जिनिव्हात जो हिशेब मांडून निर्णय घ्यायला हवा होता, तो तेरा वर्षांनी एका नियमापुरता का होईना घेतला गेला.

खुद्द रोटाशील्डलाही एक संधी मिळाली. घानाच्या बोंगो जिल्ह्यात ९९८ नवजात बाळांवर तिची चाचणी झाली, पहिली मात्रा जन्मानंतर महिन्याच्या आत. ६३.१ टक्के संरक्षण मिळाले आणि इंटससेप्शनचा एकही रुग्ण नाही. मात्र ९९८ बाळांमध्ये तो न दिसणे यावरून सुरक्षिततेबद्दल फार काही म्हणता येत नाही. निकाल २०१३ मध्ये छापला गेला. पुढच्या वर्षी कापिकियन गेले.

भारताची वाट वेगळी निघाली, आणि तिच्यात पुण्याचा मोठा भाग आहे. दिल्लीच्या एम्समध्ये १९८० च्या दशकात नवजात बाळांना रोटाव्हायरसची लागण होऊनही जुलाब होत नाहीत, हे महाराज किशन भान आणि सहकाऱ्यांच्या लक्षात आले. त्या विषाणूपासून, ११६ई पासून, भारत बायोटेकने रोटाव्हॅक केली आणि तिची किंमत मात्रेला एक डॉलर ठेवण्याचे जाहीर केले. दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याजवळच्या वढू इथल्या ६,७९९ बाळांवर तिची चाचणी झाली. पहिल्या वर्षात तीव्र जुलाबांविरुद्ध संरक्षण ५६ टक्क्यांच्या घरात. पुण्याच्या सीरमने केलेली रोटासिल पार आफ्रिकेत, नायजरमधल्या मारादी भागात पारखली गेली. तिथे ती ६६.७ टक्के चालली. फ्रीजशिवायही ती बराच काळ टिकते, आणि मारादीच्या उन्हात शीतसाखळी, म्हणजे लस सतत थंड ठेवायची व्यवस्था, सांभाळणाऱ्याला याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. या दोन्ही लशींचा पहिला बाजार गरीब देशांचाच होता. अमेरिकेने काय ठरवले यावर त्यांचे उत्पादन अवलंबून नव्हते.

मार्च २०१६ मध्ये आंध्र, हरियाणा, हिमाचल आणि ओडिशा इथून सुरुवात झाली. महाराष्ट्रात ती २०१९ मध्ये आली: दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना, पेंटा या पाच आजारांवरच्या एकत्र लशीच्या इंजेक्शनांबरोबर. लस आणतानाच इंटससेप्शनवर पाळतही लावली गेली. एप्रिल २०१६ ते जून २०१९ या काळात देशातल्या २७ रुग्णालयांत ९७० बाळांची नोंद झाली आणि रोटाव्हॅकनंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत धोका वाढल्याचे आढळले नाही. माझी तक्रार एकच आहे. लसीकरणाच्या सत्रात ताप आला तर काय करायचे हे सगळे सांगतात, पण बाळ पाय पोटाशी घेऊन थांबून थांबून कळवळत असेल, शी लाल होत असेल तर घरी न थांबता शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्या, हे वाक्य फार क्वचित कानावर पडते. लस घेतली असो वा नसो, प्रत्येक आईला ते सांगायला हवे, आणि त्याला अर्धा मिनिटही लागत नाही.